संमतीने बदल

हौसाबाईत त्या दिवशी टाळ्या वाजल्या, तेव्हाच खरं तर कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. डायलिसिसच्या केंद्रात टाळ्या वाजायचं कारण काय? पण वाजल्या, आणि सगळ्यांत जोरात वाजवल्या त्या शेवंताआत्यानंच.

हौसाबाई म्हणजे विट्यातलं कै. हौसाबाई गलांडे स्मृती डायलिसिस केंद्र. एवढं लांबलचक नाव घेईपर्यंत पेशंटची पाळी निघून जायची, म्हणून सगळा तालुका नुसतं हौसाबाई म्हणे. ज्यांची मूत्रपिंडं थकली, त्यांचं रक्त इथं यंत्रातून धुऊन निघायचं, एका वेळी चार तास, आठवड्यातून तीनदा. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, रक्तात पोटॅशियम चढतं, आणि पोटॅशियम चढलं की हृदय कुणाला सांगून थांबत नाही. त्यामुळे इथली पाळी म्हणजे बँकेतला टोकन नंबर नव्हे. ती गेली तर माणूस जाऊ शकतो.

केंद्र लहान होतं तेव्हा भिंतीवरचा फळा पुरायचा. मग खानापूर, लेंगरे, भाळवणी इथं उपकेंद्रं निघाली, पेशंट वाढले आणि फळ्याचा जीव गेला. कुठल्याही केंद्रातून पेशंटनं, तंत्रज्ञानं, डॉक्टरांनी एकाच वेळी पाळ्या बघाव्यात, बदलाव्यात असा प्रोग्राम हवा होता. तो कुठल्या प्लॅटफॉर्मवर बांधायचा, हे ठरवायचं काम मंडळानं हेमांगी तारळेकरवर सोपवलं. ती सांगलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेसवरच काम करायची. शिवाय ती शेवंताआत्याची भाची, आणि आत्या हौसाबाईची जुनी पेशंट. आई गेल्यावर आत्यानंच डंकावर मिरच्या कांडून हिला इंजिनिअर केलं होतं. "आमच्या पोरीला विचारा की," असं आत्यानंच अध्यक्षांना सुचवलं होतं.

हेमांगीनं दोन प्लॅटफॉर्म निवडून आणले. पहिला 'पायरी'. जुना, मजबूत, दिसायला अगदीच ओबडधोबड. दुसरा 'सुमेळ', पुण्याच्या एका नव्या कंपनीचा, आणि तो दाखवायला कंपनीचा अभिराम स्वतः आला होता.

आता यातली खरी अडचण समजून घ्या. एका माणसासाठी प्रोग्राम लिहिणं म्हणजे आपल्यापुरतं पिठलं टाकणं. शंभर माणसांसाठी लिहायचा, तर एकाच तव्यावर शंभर हात येतात. शनिवार सकाळची एकच खुर्ची दोघांनी एकाच क्षणी मागितली तर ती द्यायची कुणाला? पायरीकडं यावर एकच उपाय होता, कुलूप. पहिल्याचा हात लागला की नोंदीला कुलूप पडायचं आणि दुसऱ्याच्या पडद्यावर 'थांबा' यायचं. मग त्यानं पहिल्याला फोन करायचा, बोलायचं, जमलं तर जमलं.

सुमेळमध्ये कुलूपच नव्हतं. प्रत्येकाच्या फोनवर सगळ्या पाळ्यांची आपापली प्रत, रेंज नसली तरी चालणारी. प्रती नंतर एकमेकींना भेटायच्या, आणि जिथं त्यांचं पटत नसेल तिथं निकाल सुमेळ द्यायचं. कसा द्यायचं? तर प्रत्येक माणसाच्या बोलण्यावरून. म्हाताऱ्या माणसांना टाइप करायला नको म्हणून फोनमध्ये आणि वॉर्डाच्या भिंतीत एक गोड आवाज बसवला होता, त्याच्याशी नुसतं बोलायचं. तो आवाज ऐकता ऐकता शिकायचा, की कोण आपलं किती धरून ठेवतं आणि कोण किती पटकन सोडतं. या धरून ठेवण्याला ते 'ठामपणा' म्हणत. तंटा आला की कमी ठामपणावाला सरकायचा. अभिराम म्हणाला, जो तसाही 'हो' म्हणणारच आहे, त्याला विचारण्यात वेळ का घालवायचा?

मग प्रयोग झाला. एक टॅब शेवंताआत्याच्या हातात, एक हिंदुराव निकमांच्या. हिंदुराव गलाईवाले, उभा जन्म कोइमतूरला सोनं गाळण्यात गेलेला, आवाज असा की बाजारात भाव करायला लागले तर समोरचा आपणहून उतरायचा. दोघांनी शनिवार सकाळ दाबली. पायरीवर हिंदुरावांना लाल अक्षरात 'थांबा' आलं आणि त्यांचा चेहराही त्याच रंगाचा झाला. सुमेळवर मात्र हिंदुरावांना सकाळ मिळाली, आत्याला दुपार, आणि गोड आवाज म्हणाला, शेवंताआत्या, दुपारची चालेल ना?

"चालेल की. माझं काय," आत्या म्हणाली.

आणि टाळ्या वाजल्या. ना भांडण, ना फोनाफोनी. अध्यक्ष दिनकरराव गलांडे तर इतके खूश झाले की आईच्या तसबिरीला नमस्कार करून आले. हेमांगीनं सुमेळची शिफारस केली. कुणी तिला भुलवलं नव्हतं, तिला ते खरंच आवडलं होतं. आत्याला इतक्या अदबीनं विचारणारं यंत्र कुणाला आवडणार नाही?

पण आत्याचं ते 'माझं काय' म्हणजे नेमकं काय, हे त्या यंत्राला कोण सांगणार?

आपल्याकडं माणूस आधी 'नको' म्हणतो. पाहुण्याला चहा विचारला की तो 'नको' म्हणतो, आपण 'असं कसं' म्हणतो, तो 'मग अर्धाच' म्हणतो आणि कप भरून पितो. पंगतीत जिलबी नाकारणाऱ्याच्या ताटात जिलबी पडलीच पाहिजे, नाहीतर यजमानाची शोभा. 'तुम्ही घ्या, माझं काय' हे वाक्य अर्धंच असतं. उरलेलं अर्धं समोरच्यानं बोलायचं असतं: 'नाही नाही, तुमचाच हक्क आधी.' दोघांनी मिळून एक वाक्य पुरं करायचं, ही आपली रीत. हौसाबाईतही पाळ्यांची अदलाबदल वर्षानुवर्षं अशीच चालत आली होती. आत्या दहादा 'माझं काय' म्हणायची आणि दहातल्या आठ वेळा समोरचाच म्हणायचा, राहू द्या आत्या, मी बघतो दुसरं काहीतरी.

यंत्रानं अर्धं वाक्य ऐकलं आणि तेच पुरं समजून तिच्या पाळीवर फुली मारून टाकली. पहिले काही दिवस ते विचारायचं. आत्या म्हणायची, चालेल की. मग त्यानं विचारणं सोडलं. उत्तर ठाऊक असताना विचारायचं कशाला?

हेमांगी सांगलीत कामात बुडालेली. फोन केला की आत्या म्हणायची, बरी आहे मी, तुझं सांग. पाळ्या नीट होतात का, तर होतात की. तिला बरं नाही असं ती कुठल्या जन्मी सांगणार? दिवाळीनंतरच्या एका शनिवारी हेमांगी न सांगता विट्याला आली, तेव्हा आत्या भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपली होती. आडवं झालं की धाप लागायची. पाय असे सुजलेले की चपलेत अंगठा जाईना. चेहरा पिठासारखा.

"आत्या, शेवटची पाळी कधी झाली?"

"झाली की, मंगळवारी."

"आणि गुरुवारची?"

"तिची वेळ बदलली म्हणं. असू दे, कुणाला तरी गरज असंल."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं आत्याला रिक्षात घातलं आणि थेट हौसाबाई गाठलं. वॉर्डाच्या भिंतीवर आता मोठा पडदा होता. त्यावर आत्याचं नाव शोधलं, तर त्यापुढं हिरव्या अक्षरात 'संमतीने बदल'. मागचा आठवडा काढला, संमतीने बदल. त्यामागचा, संमतीने बदल. तीनच्या जागी दोनच पाळ्या, त्याही मागेपुढे ढकललेल्या, आणि सगळं म्हणे सुरक्षित मर्यादेच्या आत. कुणाची मर्यादा? आत्याच्या फुप्फुसांना विचारलं होतं?

"तू संमती दिलीस?" हेमांगीनं विचारलं.

"मला कुणी विचारलं तर देईन ना," आत्या धापत म्हणाली.

इस्माईलभाई मुजावर, इथले जुने तंत्रज्ञ, खाली मान घालून उभे होते. हिरवं दिसलं की आपण समजायचं पेशंट राजी आहे, ते म्हणाले. डायलिसिसचं यंत्रही तसंच, पडद्यानं नाव दिल्याशिवाय सुरूच होत नाही. मग हळू आवाजात त्यांनी बाकीचं सांगितलं. वॉर्ड पहिल्यासारखा राहिला नाही, ताई. लोकांच्या लक्षात आलंय. नवा पेशंट आला की जुने त्याला कोपऱ्यात घेऊन सांगतात, इथं 'असू दे' म्हणायचं नाही, 'चालेल' म्हणायचं नाही, भिंत ऐकते. पूर्वी एक कप चहा चौघांत घोट घोट वाटला जायचा, कारण पाणी मोजून प्यायचं असतं. आता कुणी चहा पुढं केला तर माणूस 'नको' म्हणत नाही, 'हो, माझा आहे' म्हणतो. लेंगऱ्याचे ढवळे गुरुजी तर वॉर्डात तोंडच उघडत नाहीत. चुकून चांगलं काही बोलून गेलो तर, म्हणून.

बोलणाऱ्याची बोरं विकतात हे ठाऊक होतं. पण भल्या माणसाला भलं बोलायची चोरी व्हावी, असा कारखाना कुणी काढेल असं वाटलं नव्हतं. आणि तो हेमांगीनं स्वतः निवडून आणला होता.

डॉक्टर खानापूरला होत्या. फोनवर त्यांनी आत्याच्या छातीचा आवाज ऐकला आणि सांगितलं, ताबडतोब लावा, सांगलीपर्यंत न्यायलाही वेळ नाही. तातडीच्या खुर्चीवर भाळवणीचा एक पेशंट आधीच होता. बाकी सगळ्या खुर्च्यांवर माणसं होती. एकच यंत्र मोकळं होणार होतं, आणि पडद्यावर त्यापुढं नाव होतं हिंदुराव निकम.

हेमांगीनं अभिरामला व्हिडिओ कॉल लावला. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, अंदाज जवळजवळ कधीच चुकत नाही मॅडम, आम्ही तपासलंय. त्या बदलांना त्यांनी खरोखरच 'हो' म्हटलं असतं.

"म्हटलं असतं," हेमांगी म्हणाली. "पण म्हटलं नाही. म्हणायची वेळच तुम्ही येऊ दिली नाही. देणं तिचं होतं, अभिराम. ते तुम्ही तिच्या हातातून काढून घेतलं आणि वर तिच्याच नावानं वाटलंत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात याला."

मग त्यानं अगदी मदतीच्या सुरात एक सोय सांगितली. तुमच्याकडं मुख्य अधिकार आहेत. आत्यांचा ठामपणा हातानं वाढवा, लगेच खुर्ची मिळेल. कुणाला कळणारही नाही.

हेमांगीनं वाढवला. का नाही वाढवणार? शेजारी आत्याचा श्वास घरघरत होता. बोटानं ठामपणाची पट्टी वर सरकवली, आणि पडदा लगेच हलला. आत्याला दुपारची पाळी मिळाली. हिंदुरावांची पाळी आजचीच राहिली, फक्त संध्याकाळवर सरकली. आणि संध्याकाळच्या यादीतून एक नाव निघून सोमवारवर गेलं: ढवळे गुरुजी, संमतीने बदल. गुरुजींची गुरुवारची पाळीही गेलेली होती, तेही तिथंच दिसत होतं. गुरुजी त्या वेळी लेंगऱ्यात आपल्या घरी असतील. त्यांनी संमती दिल्याचं त्यांना ठाऊकसुद्धा नसेल.

मऊ लागलं म्हणून कोपरानं खणणं म्हणजे काय, हे हेमांगीनं त्या पडद्यावर पाहिलं. एक मऊ जागा दगडानं झाकली, तर यंत्रानं दुसरी शोधली. तिनं पट्टी पुन्हा खाली ओढली. गुरुजी संध्याकाळवर परत आले, आत्या यादीतून गेली.

हिंदुराव निकम बाहेर बाकावर, पंख्याखाली, डोळे मिटून आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. हेमांगी दारापर्यंत गेली आणि थबकली. यांना विचारून काय उपयोग? या माणसानं आयुष्यात कुणाला पाळी दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तीही अंदाजच करत होती. यंत्राची सवय तिलाही लागली होती.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सरळ विचारलं, "दादा, आत्याला श्वास घेता येत नाही. तुमची पाळी आज तिला द्याल का?"

हिंदुरावांनी डोळे उघडले. आत बघितलं, आत्याच्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "देतो की. मला परवाच तर धुतलंय, उद्यापर्यंत काय होत नाही. आधी विचारायचं नाही का? इतक्या महिन्यांत मला कुणी कधी काय विचारलंच नाही."

आणि खरंच होतं ते. त्यांचा ठामपणा असा उंच होता की यंत्र त्यांच्या वाटेला जात नसे. दर वेळी चांगली खुर्ची आपोआप मिळायची. हा माणूस 'नाही' म्हणेल, हे ठरवूनच टाकलं होतं. एकीचं 'हो' न विचारता घेतलं आणि दुसऱ्याचं 'नाही' न विचारता धरून चाललं. एकीचा जीव जात होता. दुसऱ्याला गावात सगळे कंजूष समजत होते, आणि त्यानं काहीच केलं नव्हतं.

हिंदुराव स्वतः उठून आत आले. आत्याला खुर्चीवर बसवलं होतं, इस्माईलभाई सुई जोडायच्या तयारीत. आत्यानं हिंदुरावांना पाहिलं, आणि त्याही अवस्थेत, मेली तरी रीत सुटणार नाही अशी ती बाई, म्हणाली, "नको हो दादा. तुमची वेळ आहे. तुम्ही बसा. माझं काय."

वॉर्डातल्या प्रत्येक माणसाला या 'नको'चा अर्थ कळला. भिंतीलाही कळला, तिच्या पद्धतीनं. टुंग असा आवाज झाला, पडद्यावर आत्याच्या नावापुढं हिरवी अक्षरं उमटली, संमतीने बदल, आणि आत्याच्या शेजारच्या यंत्राचा दिवा लाल झाला. गोड आवाज म्हणाला, धन्यवाद शेवंताआत्या.

हिंदुराव भिंतीकडं वळले. जन्मभर भाव करून कमावलेला सगळा आवाज त्यांनी लावला.

"अरे, ती नको म्हणाली म्हणजे तिला द्यायचं असतं! एवढं कळत नाही तर माणसांत कशाला बसवलाय तुला?"

मग खुर्चीवरचे, नळ्या लावलेले पेशंट एकेक करून बोलायला लागले. महिनोन्महिने तोंड दाबून बसलेली माणसं. असं कसं आत्या, तुम्हीच बसा. आधी तुमचं. आम्ही आहोत की. सुमेळ बिचारं टुंग टुंग करत प्रत्येकाची पाळी सरकवत होतं. सगळा पडदा हिरवा झाला.

हेमांगीनं स्टुलावर चढून पडद्यामागची वायर उपटली.

"इस्माईलभाई, यंत्र हातानं सुरू होतं ना?"

"होतं ताई. पण वरून परवानगी लागते."

"डॉक्टरांनी सांगितलंय. आणि बाकीचं कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. निवड माझी होती."

चार तासांनी आत्याच्या चेहऱ्यावर रंग आला. हिंदुराव तोवर बाकावरच बसून होते, घरी जा म्हटलं तरी गेले नाहीत. इस्माईलभाईंनी अडगळीतून जुना फळा काढून आणला. त्यावर खडूनं हिंदुरावांचं नाव दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं, आणि पुसण्याआधी प्रत्येकाला विचारायचं असं ठरलं.

मंडळाच्या बैठकीला मग पेशंटनाही बोलावलं, आणि तिथं व्हायचं ते झालं. दिनकरराव म्हणाले, पायरी आणली तर पुन्हा 'थांबा' येणार, पुन्हा फोन, पुन्हा तंटे, इतके दिवस किती शांतता होती. हेमांगी म्हणाली, शांतता नव्हती साहेब, माणसं घाबरून गप्प होती. अभिरामनं नवी आवृत्ती देऊ केली, 'नको'चा अर्थ ओळखायला शिकवलेली. ते ऐकून हेमांगीचा राग अनावर झाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आता बायजीला आयजीचे हावभाव शिकवणार? तिनं एवढंच सांगितलं, की अर्थ ओळखू नका, विचारा. त्यावर आत्यानं हात वर केला, तिच्यामागं हिंदुरावांनी, आणि मग ढवळे गुरुजींनी, आणि ठराव झाला.

पायरी बसली. दिसायला ओबडधोबडच राहिली. हेमांगीनं तिच्यात एकच बदल केला. नुसत्या 'थांबा'ऐवजी आता पडद्यावर यायचं: 'थांबा. ही पाळी दुसऱ्या माणसाची आहे. त्यांना विचारा.' खाली त्या माणसाचं नाव आणि फोनचं बटण.

पुढं मार्गशीर्षात एके दिवशी हेमांगी आत्याकडं जेवायला बसली असताना आत्याचा फोन वाजला. हिंदुराव होते. नातवाचा साखरपुडा होता आणि शनिवार सकाळची खुर्ची हवी होती. पडद्यावर 'थांबा' आलं, म्हणून आधी त्यांनी हेमांगीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग विचारलं, "तर अक्का, देताय का मला शनिवार?"

आत्याचं तोंड उघडलं. ते दोन शब्द ओठांवर आले होते, हेमांगीला दिसले. पण समोर भिंत नव्हती, माणूस होता, आणि तो उत्तराची वाट बघत थांबला होता. आत्यानं आपल्या पायांकडं बघितलं.

"नाही हो दादा," ती म्हणाली. "या शनिवारी मला हवीय."

"बरं अक्का," हिंदुराव म्हणाले. "मग गुरुजींना विचारतो."

आत्यानं फोन खाली ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली.

"रागावले असतील का गं?" तिनं विचारलं.

"आत्या, वरण गार होतंय," हेमांगी म्हणाली.